नडगीचं माप

फार पूर्वीची गोष्ट आहे. इतक्या पूर्वीची, की त्या राज्याचं नाव सांगायलाही आता कोणी उरलेलं नाही. तिथे दरवर्षी खिंडीपर्यंत धावण्याची शर्यत व्हायची. जो पहिला येईल त्याला राजा आपला जासूद नेमायचा, राज्यभर निरोप पोचवायला.

शर्यतीवर देखरेख राजाच्या मापाड्याची. माणूस कष्टाळू आणि सरळ, पण मोजल्याशिवाय कशावर म्हणून विश्वास न ठेवणारा. पहिल्या आलेल्याचं अंग तो दोरीने मोजून ठेवायचा. सात वर्षांत पाच वेळा डोंगरातलेच लोक जिंकले, आणि पाचही जणांची नडगी, म्हणजे गुडघ्याखालचं हाड, चांगली लांब भरली. झालं! मापाड्याला वाटलं, धावण्याचं मर्मच आपल्या हाती लागलं. त्याने तेवढ्या लांबीची दोरी कापली, आणि ज्याची नडगी या दोरीपेक्षा आखूड भरेल त्याला शर्यतीत उभंच करायचं नाही, असा हुकूम राजाकडून मिळवला.

खाडीकाठच्या लोकांचे पाय आखूड. ते सगळे एका फटक्यात बाद झाले. त्यांच्यातला एक तरुण मात्र तरीही दरवर्षी यायचा. गुडघाभर चिखलातून दिवसभर मासे पकडत हिंडणारा गडी तो. आपण जासूद व्हावं, एवढीच त्याची हौस. मापाडी दोरी लावायचा, ती चार बोटं जास्त भरायची, आणि तो निमूट परत जायचा. नऊ वर्षं हे चाललं. दहाव्या वर्षी तो आला नाही, आणि मापाड्याच्या ते ध्यानातही आलं नाही.

पुढे राज्य वाढलं. राजाला एकदम वीस जासूद हवे झाले. मापाडी मोठ्या उमेदीने डोंगरातल्या एका गावी गेला. पाहतो तर काय, ज्याची मोजावी त्याची नडगी लांब. खूश होऊन त्याने सगळ्यांना गावाबाहेरच्या टेकाडावर पळत जायला सांगितलं. दोघं वर पोचले. बाकीचे वाटेतच कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभे राहिले.

मापाडी चक्रावला. दारात बसलेली एक म्हातारी हे सगळं बघत होती. तिने आपला पाय पुढे केला.

"माझी मोज," ती म्हणाली. "एवढी लांब नडगी या गावात कुणाची नाही. पण बाबा, मी जन्मात कधी धावले नाही. तू जिंकलेल्यांचे पाय मोजलेस. आम्हा मागं राहिलेल्यांचे कधी मोजलेस का?"

मापाड्याने हातातली दोरी खाली ठेवली. आपण काय करून बसलो ते त्याला आत्ता कुठे उमगलं, आणि खाडीकाठचा तो गडी आठवला. तो तसाच तडक खाडीवर गेला.

तो तरुण आता तरुण राहिला नव्हता. होड्या ओढून ओढून त्याचा एक गुडघा निकामी झाला होता. मापाड्याने त्याचे हात धरून आपली चूक कबूल केली आणि यंदा शर्यतीत उतरायची गळ घातली.

तो रागावला नाही. जाळं बाजूला ठेवत म्हणाला, "मापाडीबुवा, धावून हरलो असतो तर सोसलं असतं. कदाचित शेवटचाच आलो असतो. पण तुम्ही मला उभंच केलं नाहीत. आता मी कसा धावलो असतो, ते तुम्हालाही कळायचं नाही आणि मलाही."

मापाड्याला रडू कोसळलं. त्याने राजापुढे जाऊन सगळं सांगितलं आणि हुकूम मागे घ्यायला लावला. पुढच्या शर्यतीत हवा तो उभा राहिला. पहिला डोंगरातला आला, दुसरा खाडीकाठचा, आणि त्यांच्यामागून लांब पायांचे, आखूड पायांचे सगळे मिसळून आले. शेवटचा माणूस पोचेपर्यंत मापाडी खिंडीत उभा होता. ज्याची वाट पाहावी असा एक जण मात्र त्यांच्यात कधीच येणार नव्हता.

तात्पर्य: माणसाचं अंग मोजता येतं, पण त्याची धाव त्याला धावू दिल्यावाचून ठरवू नये.