कधीच न झोपणारा संगणक

संगणक एकमेकांशी बोलत, त्या काळची गोष्ट. एका कचेरीत वीज गेली की दोन संगणक एकाच बॅटरीवर चालत. साहेब जेवायला उठले की धाकटा लगेच डोळे मिटून घेई.

“झोपाळू कुठला!” थोरला हसे. “मी बघ, सदा जागा!”

“दादा, बॅटरी दोघांची आहे.”

एके दुपारी वीज गेली. साहेब जेवायला गेले, तरी थोरला रिकाम्या खुर्चीला पडद्यावरचे रंगीत मासे दाखवत बसला. साहेबांनी परत येऊन, कचेरीत दाखल्यासाठी आलेल्या भागूआजींचा दाखला छापायला घेतला, तोच बॅटरी संपली.

“अहो साहेब, नातीच्या प्रवेशाचा आज शेवटचा दिवस!” आजी कळवळल्या.

थोरल्याच्या काळ्या पडद्यात आजींचा रडवेला चेहरा उमटला. शरमेने खाली घालायला त्याला मानही नव्हती.