आढ्याला टांगलेलं तवसं

टोपाखाली निखारे असतात आणि झाकणावरही निखारे असतात. या दोन विस्तवांच्या मधोमध नेमकं काय भाजलं जातं, याचा कधी विचार केला आहे का तुम्ही?

एकदा एका खाडीकाठच्या गावात एक वृद्ध राहत होता. त्याचं सारं आयुष्य जहाजांवर स्वयंपाक करण्यात गेलं होतं. ज्या बंदराला जहाज लागे, तिथल्या घरांत भाजलं जाणारं एखादं गोड तो शिकून येई. सुरतेची नानखटाई, गोव्याचा बात नावाचा ओल्या नारळाचा केक, बसऱ्याची खजूर भरलेली बिस्किटं, रंगूनचा खसखस पेरलेला रव्याचा केक, सगळं त्याच्या हातात होतं. भट्टी मात्र त्याच्याकडे नव्हती. जाड बुडाचा एक टोप, त्यावर पत्र्याचं झाकण, आणि खाली-वर करवंटीचे निखारे. गाव त्याला चाचा म्हणे. शिकायला आलेल्या कुणालाही तो परत पाठवत नसे.

त्याच्याकडे सर्वांत मन लावून शिकली ती द्वारका.

तिची थोरली मुलगी कुंदा मागच्या दिवाळीच्या तोंडावर तापाने गेली होती. त्या गावची रीत अशी, की घरातलं माणूस गेलं की वर्षभर त्या घराने आपल्या सणाचं गोड करायचं नाही. वर्ष सरलं की बाहेरच्या कुणीतरी यायचं आणि घरच्या बाईला गोडाचा घास द्यायचा. मग ते घर मोकळं झालं असं समजायचं.

द्वारकाच्या घरचं सणाचं गोड म्हणजे धोंडस. जून होऊन पिवळ्या पडलेल्या मोठ्या काकडीला तिकडे तवसं म्हणतात. ते किसायचं, त्यात तांदळाचा भाजलेला रवा, गूळ आणि खोबरं घालायचं, आणि खाली-वर विस्तव ठेवून सावकाश भाजायचं. कुंदा तर धोंडसाच्या वासाने खेळ टाकून घरी येई. आजारी पडण्याच्या आधी तिनेच एक तवसं केळीच्या सोपाच्या दोरीने बांधून आढ्याला टांगलं होतं. "दिवाळीला फोडायचं हं," असं साऱ्यांना बजावून ठेवलं होतं. ते तसंच लोंबत राहिलं. त्याला हात लावायचा धीर कुणाला झाला नाही.

द्वारकाला रिकामे हात सहन होईनात. तिने नवऱ्याला विचारलं, "आपलं गोड करायचं नाही. पण दुसऱ्या मुलखांचं केलं तर?"

"त्याला कोण काय म्हणणार?" तो म्हणाला. ती काहीतरी करते आहे, एवढंच त्याला पुष्कळ होतं.

म्हणून ती चाचाकडे गेली. नानखटाई शिकली, मग बात, मग खजुराची बिस्किटं. घरी केलेलं सारं ती ताटात घालून शेजारीपाजारी पाठवी. स्वतः मात्र चाखून पाहण्यापुरतंही तोंडात घालत नसे. शेजारणी बिस्किटं खात म्हणत, "सावरली हो द्वारका. हाताला काय चव आलीय."

वर्ष सरलं. घास घेऊन कुणी आलं नाही. द्वारकाने वाट पाहिली असंही नाही.

दिवाळीच्या आदल्या दिवशी ती रवा चाळत बसली असताना धाकटी तारा जवळ येऊन उभी राहिली.

"आई, आज काय?"

"चाचांना विचारते. काहीतरी नवं."

"धोंडस नाही?"

द्वारकाची चाळणी थांबली नाही.

"नकोच करूस," तारा म्हणाली. "ते ताईचंच होतं. मला ठाऊक आहे."

ती रडली नाही, रुसलीही नाही. घागरीतलं पाणी संपलं, असं सांगावं तशी ती म्हणाली आणि ओटीवर जाऊन बसली.

द्वारका चाचाकडे आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "चाचा, अवघड असं काहीतरी शिकवा. दिवस जाईल असं."

चाचाने तिच्याकडे पाहिलं. "तारा काय करते?"

"ओटीवर बसलीय." मग तिने तारा जे म्हणाली ते सांगितलं.

चाचाने टोप काढला, आतून तुपाचा हात फिरवला, झाकण ठेवलं आणि खाली-वर निखारे पसरले. टोप रिकामा होता.

"चाचा, आत काही घातलं नाहीत."

"विस्तवाकडे लक्ष दे."

"म्हातारपणी विसरायला लागलात की काय?"

"विसरायचं कसं, ते तुझ्याकडूनच शिकतोय, पोरी. निखारे विझू देऊ नकोस."

ती गोंधळली. पण शिकवणाऱ्याला पुन्हापुन्हा उलट विचारू नये अशी तिची समजूत होती. ती पंख्याने वारा घालत राहिली. हळूहळू तूप जळल्याचा वास सुटला. झाकणाच्या कडेने निळसर धूर येऊ लागला, तेव्हा तिला राहवेना. तिने चिमट्याने झाकण उचललं. आतून टोप काळाठिक्कर पडला होता.

"भांडं जळालं," ती म्हणाली.

"जळणारच," चाचा शांतपणे म्हणाला. "वरून विस्तव, खालून विस्तव, आणि मधे भाजायला काही नसलं की भांडंच भाजतं. दुःखाचा विस्तव तुझ्या घरात आहेच. तो काही कुणाच्या सांगण्याने विझणार नाही. पण तू त्यावर परक्या घरांची गोडं भाजलीस; तुझं स्वतःचं त्यात काही घातलंच नाहीस, म्हणून घरच भाजतंय. बसऱ्याच्या बिस्किटात तुझी कुंदा नाही, म्हणून ती बिस्किटं करताना तुला काही सोसावं लागत नाही. मला हे कळत होतं. वर्षभर हाताला आधार हवा होता, म्हणून मी शिकवत राहिलो. आज शिकवणार नाही. एक मुलगी तापाने गेली, पोरी. दुसरी ओटीवर बसली आहे, आणि आपण या घरच्या नाही असं तिला वाटू लागलं आहे."

द्वारकाने मान खाली घातली. "मला मोकळं करायला कुणी आलं नाही, चाचा."

"कसं येणार? ज्या घरातून सारखी भरली ताटं येतात, त्या घरी घास घेऊन जायचं कुणाला सुचेल? तुझी ताटं पाहून लोकांना वाटलं, तू कधीच मोकळी झालीस."

मग त्याने बरणीतून गुळाचा खडा काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. "मी तुझ्या नात्यातला नाही, तुझ्या धर्मातला नाही. बाहेरचाच आहे. आणि रीतीला बाहेरचंच माणूस लागतं. खा."

तिने कितीतरी वेळ तो खडा मुठीत धरला. मग तोंडात घातला.

"गोड लागत नाही, चाचा."

"एवढ्यात लागणार नाही. तरी खा."

गूळ विरघळेपर्यंत ती तिथेच बसून राहिली. मग उठली, राख टाकून टोप घासू लागली. चाचाने तिला थांबवलं नाही. डाग पुरता निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाने आढ्याचं तवसं सोडलं. आतून ते वाळून पोकळ झालं होतं. नवऱ्याने ते परसात पुरलं. तिने शेजारणीकडून दुसरं तवसं मागून आणलं आणि ताराने ते किसलं. धोंडस खालून थोडं लागलं. द्वारकाने जुन्या सवयीने त्याचे चार तुकडे केले. तिघांनी तीन खाल्ले. चौथा, कुंदाचा, ताटात तसाच राहिला, आणि तो कुणी झाकून नजरेआडही केला नाही.