राणीनं ओटीत मागितलेला अनंत

एका राज्यात मुकुट राजाच्या डोक्यावर होता, तोरा मात्र राणी मिरवायची. राणीचं नाव कनकावली. रूपानं लाखात एक, पण दुसऱ्याच्या अंगणात फूल फुललं की हिच्या पोटात दुखायचं.

आणि फुलायचं ते नेमकं नणंदेच्या अंगणात! नणंद इंदुप्रभा, राजाची थोरली बहीण, सेनापतीला दिलेली. तिच्या दारात अनंताचं जुनं झुडूप होतं, माणसाहून उंच, पांढऱ्या फुलांनी लगडलेलं. त्याच्या फांदीवर एक साळुंकी राही. ती माणसासारखी बोले, आणि त्याचं त्या राज्यात कुणाला नवल नसे.

त्या राज्याची एक रीत होती. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेली सवाष्ण ओटीत जे मागेल ते यजमानणीनं द्यायचं, आणि दिलेलं परत घ्यायचं नाही. बायका शहाण्या होत्या. कुणी मूठभर हरभरे मागे, कुणी एखादी कैरी. कनकावलीनं पन्ह्याचा पेला खाली ठेवला, पदर पसरला आणि म्हणाली, "वन्सं, मला तुमचा अनंत हवा."

"फुलं ना?"

"झाड. मुळासकट."

इंदुप्रभेनं हातातली कुंकवाची कोयरी खाली ठेवली. मग म्हणाली, "दिला. पण आज नेऊ नका, वहिनी. आज भोवती चर खणून लांबलेली मुळं तोडून ठेवू. आतल्या मातीत नवी बारीक मुळं फुटतील. पावसाळा लागला की न्या. आणि नेताना फांद्या निम्म्या छाटा. मुळं म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. ते अर्धं झालं की पंगतही अर्धी करावी लागते."

अगं बाई, काय पण साळसूद! कनकावली मनात म्हणाली. बहर हिनं पाहायचा आणि मला बोडका खुंट! उघड एवढंच बोलली, "राजवाड्यात बोडकं झाड नेत नाहीत."

त्याच दुपारी शिपाई आले, दोर बांधले आणि अनंत ओढून उपटला. मुळं ताडताड तुटली, माती सगळी झडून गेली. राणीच्या सज्ज्यासमोर खड्डा करून तो उभा केला. संध्याकाळी सारा दरबार फुलं पाहून गेला. राणी मिरवली. काय मिरवली म्हणता!

दुसऱ्या दिवशी पानांनी माना टाकल्या. राणीनं घागरींवर घागरी ओतल्या, खोडाला मंतरलेला गंडा बांधला. कळ्या गळायच्या त्या गळल्याच. तेवढ्यात सांगावा आला: इंदुप्रभा अंथरुणाला खिळली आहे, केस पुंजक्यांनी गळताहेत, वैद्यांना रोग कळत नाही.

झाडामागोमाग आलेली साळुंकी तेव्हा सज्ज्याच्या कठड्यावर बसली.

"राणी, ऐक. इंदुप्रभेनं एका मांत्रिकाला लग्नाला नकार दिला होता. त्यानं तिचा जीव या अनंतात बांधला. ती हे कुणाला बोलली, तर तिथल्या तिथे मरेल. तू ओटीत तिचा प्राण मागितलास. रीत मोडायची नाही म्हणून तिनं तो दिला."

राणीला नणंदेचं बोलणं आठवलं. थांबा म्हणत होती ती, छाटा म्हणत होती. बिचारी जीव वाचवण्यापुरतंच बोलत होती, आणि आपण तिला कद्रू ठरवलं! धरणी दुभंगेल तर बरं, असं राणीला झालं.

"उपाय सांग," ती म्हणाली.

"तीन कामं. तिन्ही तुझ्याच हातानं, दिवसाढवळ्या. फांद्या छाट. मुळांजवळची माती न फोडता झाड काढ. ते डोक्यावर घेऊन भर बाजारातून तिच्या दारी जा आणि खरं ते सगळ्यांसमोर सांग. तिला परत घेता येत नाही. पण तू तिची ओटी भरायला कुणाची ना आहे? मागून नेलेलं कुणी लाज गिळून परत आणलं, तरच मांत्रिकाची गाठ सुटते. असं कुणी करणार नाही, अशी त्याची खात्री होती."

राणीनं कोयता मागवला. दासी तोंडाला पदर लावून बघत होत्या. ज्या फुलांसाठी एवढा अट्टहास केला, ती उरलीसुरली फुलंही फांद्यांबरोबर खाली पडली. राहिला तो बोडका खुंटच. साळुंकीनं छाटलेल्या फांद्यांतली एक डहाळी चोचीत धरली आणि ती उडून गेली.

मग राणी गुडघ्यांवर बसून माती उकरू लागली. नखं तुटली, शालू चिखलानं भरला. मुळांभोवतीचा ओला गोळा तिनं गोणपाटात जपून बांधला. राजा वरून पाहत होता. तेच तिला फार लागलं.

बाजारात कासारणीनं विचारलं, "राणीसाहेब, ओझं कसलं?"

"नणंदेचं नेलं होतं, ते परत नेतेय," राणी पुटपुटली.

"मोठ्यानं!" छपरावर परतलेली साळुंकी म्हणाली.

राणीनं मोठ्यानं सांगितलं. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. कुणी हसलं असतं तर तिला सोपं गेलं असतं.

इंदुप्रभा ओसरीवर बाजेला खिळून होती. जमलेल्या बायकांसमोर राणी म्हणाली, "वन्सं, मी हावरटपणा केला. तुमचं ऐकलं नाही. तुमच्या जिवावर उठले. आज हा खुंट तुमच्या ओटीत घालते."

जुन्याच खड्ड्यात, पूर्वीइतकाच खोल, उगवतीची बाजू उगवतीला ठेवून तिनं अनंत लावला. चार काठ्यांवर आपला शालू ताणून सावली केली. पुढं रोज सकाळी राणी पाणी घालायला येई. इंदुप्रभेचे डोळे मिटलेले असत. खुंट तसाच उभा असे आणि राणी मान खाली घालून परत जाई.

एका सकाळी खोडावर हिरवा डोळा फुटलेला दिसला. त्याच सकाळी इंदुप्रभेनं डोळे उघडले आणि पेज मागितली. दूर कुठेतरी मांत्रिकाच्या मनगटावरची काळी गाठ सुटून गळून पडली. तेव्हापासून अनंत नुसता अनंत राहिला आणि इंदुप्रभेचा जीव इंदुप्रभेपाशी.

पुढच्या चैत्रात हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. राणी दाराशीच बसली. पाळी आली तरी तिनं पदर पसरला नाही. मग इंदुप्रभाच एक लहानशी कुंडी घेऊन आली. कुंडीत पोपटी पानांचं वीतभर रोप होतं.

"तुम्ही छाटलेली डहाळी, वहिनी. साळुंकीनं आणली, दासीनं ओल्या वाळूत खोचली. अनंताची फांदी लागते हो. त्या दिवशी एक फांदी मागितली असतीत तरी..."

राणीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिनं दोन्ही हातांनी पदर पसरला, पण मान काही वर केली नाही.

राज्याची घडी बसली, रीत जुनीच राहिली. एवढंच झालं, की तिथल्या बायका ओटीत आता फांदी मागतात. ज्यांनी ऐकलं, त्यांनाही मागण्याची अक्कल मिळो आणि देणाऱ्याचं अंगण भरलेलं राहो.