नाण्यांच्या ओट्यावर बसलेला रंगारी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या तीन राज्यांच्या सीमेवर ती घडली, त्यांची नावंही आता कुणाला सांगता येत नाहीत. लहान असाल तर ऐका. मोठे असाल तर जरा जास्तच लक्ष देऊन ऐका.

त्या सीमेवर एक गाव होतं. उत्तरेकडच्या राज्यात घोडे पैदा होत, म्हणून त्यांच्या नाण्यावर घोडा असे. पश्चिमेकडचं राज्य समुद्राकाठचं, त्यांच्या नाण्यावर शिडाची नाव. आणि गाव ज्या राज्यात होतं, त्याच्या नाण्यावर कमळ. दर आठवड्याला गावात बाजार भरे आणि तिन्ही नाणी एकाच बाजारात फिरत. बाजाराच्या टोकाला एक लांब दगडी ओटा होता. तिथे सराफ बसत. कुणाला घोड्याचं नाणं देऊन कमळाचं हवं असे, कुणाला कमळाचं देऊन नावेचं. ते बदलून द्यायचं आणि मधल्या फरकावर जगायचं, असा त्यांचा धंदा.

गावात केरोबा नावाचा रंगारी होता. निळीत कापड रंगवण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. त्याच्या अंगणात निळीचा मोठा रांजण जमिनीत पुरलेला होता. नीळ अशी रांजणात आंबवावी लागते. रोज ढवळायची, चुना किती झाला बघायचं, कोंडा-गूळ घालायचा. दुर्लक्ष केलं तर ती मरते, आणि मेलेल्या निळीत कापड बुडवलं तर नुसतं मळकट निघतं. केरोबाचा रांजण त्याच्या वडिलांपासून जिवंत होता.

केरोबाला एक खोड होती. कुठलीही गोष्ट दिसली की ती तशी का, हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. बाजारात कापड विकताना त्याच्या लक्षात आलं, की घोड्याच्या नाण्याचा भाव सारखा बदलतो. एका बाजाराला एका नाण्याची दोन कमळं मिळतात, पुढच्या बाजाराला तीन. नाणं तेच, चांदी तेवढीच. मग भाव का बदलावा?

तो बघत राहिला. आणि हळूहळू त्याला उमगलं. उत्तरेचे घोडेवाले गावात उतरत तेव्हा त्यांच्या पिशव्या स्वतःच्या नाण्यांनी भरलेल्या असत. ओट्यावर ती नाणी ढिगाने पडत आणि स्वस्त होत. पीक हाती आलं की गावातले लोक घोडे आणायला उत्तरेला निघत. तेव्हा ज्याला त्याला घोड्याचंच नाणं हवं असे, आणि ते महाग होई.

तेव्हापासून तो बाजाराच्या दिवशी थोडी नाणी घेऊ लागला. स्वस्त असली की घ्यायची, मडक्यात ठेवायची, घरी येऊन रांजण ढवळायचा. भाव चढला की विकायची. कधी महिना महिना मडकं तसंच पडून राही. दोन-तीन वर्षांत घरावर नवी कौलं आली.

आणि मग त्याच्या मनात तो प्रश्न आला, जो अशा वेळी प्रत्येकाच्या मनात येतो. आठवड्यातून एक दिवस लक्ष घालून एवढं मिळतं, तर रोज बसलो तर किती मिळेल?

त्याची बायको भिवरा हिशेबी होती. तिने विचारलं, "अहो, पण तुम्ही मिळवलंत ते बाजाराच्या दिवशी बसून मिळवलंत, की बाकीचे दिवस न बसून?"

"हे काय विचारणं झालं?" केरोबा म्हणाला.

"मलाही नीट कळलेलं नाही," ती म्हणाली. "पण विचारावंसं वाटलं."

केरोबा ओट्यावरच्या यमाक्काकडे गेला. ती सगळ्यांत जुनी सराफ. नवरा गेल्यावर एकटीने या धंद्यात टिकलेली. तो म्हणाला, "आक्का, रंगारकाम सोडून पूर्णवेळ इथे बसावं म्हणतो. तुमचं काय मत?"

यमाक्का म्हणाली, "मत नंतर. आधी मला सांग, काहीच न करता तू किती दिवस बसू शकशील?"

केरोबा हसला. "नुसतं बसायला काय लागतं, आक्का?"

"ते तुझं तुलाच बघावं लागेल," ती म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

केरोबाने उरलेली रंगवलेली कापडं विकून टाकली आणि ओट्यावर तिच्या शेजारी चटई अंथरली. भिवराने काही दिवस रांजण सांभाळला, पण निळीचं मन ओळखणं तिला जमेना. एके सकाळी झाकण काढलं तर घाण वास आला. रांजण मेला होता. केरोबाला वाईट वाटलं, पण त्याने मनाला समजावलं, की आता त्याची गरज कुठे आहे?

पहिले दिवस त्याला फार आवडले. रोज नवी माणसं, नव्या बातम्या. पण बाजार सोडून इतर दिवशी ओटा जवळजवळ रिकामाच असे. यमाक्का चिंचा सोलत बसायची आणि संध्याकाळी चटई गुंडाळून घरी जायची. केरोबाला तसं घरी जाता येईना. घरी पीठ संपत आलेलं असे. आज काहीतरी मिळायलाच हवं, या विचाराने तो रस्त्याकडे बघत राही. दूर धुरळा दिसला की त्याला घोड्यांचा तांडा वाटे. एखाद्या वाटसरूने समुद्रावर वादळ झाल्याचं सांगितलं की तो लगेच नावेची नाणी विकून टाकी. कधी फायदा होई, जास्त वेळा तोटा. आधी ज्या माणसाला महिनाभर मडक्यात हात घालावासा वाटत नव्हता, तोच आता दिवसातून चारदा नाणी उलटसुलट करू लागला.

असं होता होता त्याच्याकडे जे उरलं होतं, ते सगळं घोड्याच्या नाण्यांत होतं. पीक जवळ आलं होतं. भाव चढणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात एक लोकरवाला धावत-पळत ओट्याशी आला. "उत्तरेचा राजा गेला," तो म्हणाला. "आता भाऊबंदकी होणार. नवा राजा नवं नाणं पाडणार. हे जुनं कोण घेतंय?"

ओट्यावर गडबड उडाली. जो तो घोड्याचं नाणं विकायला काढू लागला. दुपार होईतो भाव निम्म्यावर आला.  केरोबाने यमाक्काकडे पाहिलं. ती चिंचा सोलत होती. तिच्याकडेही घोड्याची नाणी होती, हे त्याला माहीत होतं.

थांबावं, असं त्याच्या मनात आलं. पण उद्या भाव आणखी पडला तर घरी काय न्यायचं? त्याने मिळेल त्या भावाने सगळं विकलं आणि त्यातून पीठ घेऊन घरी गेला.

पुढच्या बाजाराच्या आत उत्तरेचा तांडा आला. राजा जिवंत होता. शिकारीत घोड्यावरून पडून त्याचा पाय मोडला होता, एवढंच. त्यात पीक हाती आलं, लोक घोडे आणायला निघाले, आणि घोड्याच्या नाण्याचा भाव पूर्वीपेक्षाही वर गेला.

केरोबा ओट्यावर आला, पण त्याने चटई अंथरली नाही. यमाक्कासमोर बसून त्याने विचारलं, "आक्का, बातमी खोटी आहे हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"नाही," ती म्हणाली. "मला काहीच माहीत नव्हतं. म्हणून तर मी काही केलं नाही."

"मलाही काही माहीत नव्हतं. मग मला का थांबता आलं नाही?"

"त्या दिवशी तुझ्या घरात पीठ किती होतं?"

 केरोबा म्हणाला, "नव्हतंच."

"मग त्या दिवशी तू बातमी ऐकलीच नाहीस," यमाक्का म्हणाली. "तू तुझी भूक ऐकलीस. तुझी नजर माझ्याहून चांगली आहे, केरोबा. भाव का चढतो आणि का पडतो, हे तू मला शिकवशील. पण तू त्या नजरेला रोज भाकरी आणायला धाडलंस."

"म्हणजे हा धंदा पूर्णवेळ करूच नये?"

"मी करतेच की. पण पोरं मोठी होईपर्यंत मी सूत काततच होते. बाजाराच्या दिवशी तेवढी ओट्यावर यायचे. वर्षभर एकही व्यवहार झाला नाही तरी चालेल, एवढं धान्य कणगीत साठलं, तेव्हा चरखा उचलून ठेवला."

"हे तुम्ही मला आधी का सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुला पटलं असतं?"

केरोबाने विचार केला. पटलं नसतं, हे खरंच होतं.

तो घरी आला आणि त्याने भिवराला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली. तिचा भाऊही रंगारी होता. त्याच्या जिवंत रांजणातली घागरभर नीळ तिने मागून आणली. विरजण लावावं तशी ती त्यांनी स्वच्छ केलेल्या रांजणात घातली आणि दोघं वाट बघत बसली. काही दिवसांनी वरच्या फेसावर तांब्याची झाक आली. केरोबाने एक कापड बुडवून काढलं. ते आधी हिरवं दिसलं आणि वारा लागताच निळं होत गेलं. केरोबा ते हातात धरून कितीतरी वेळ बघत उभा राहिला.

तो पुन्हा फक्त बाजाराच्या दिवशी नाणी घेऊ लागला. वर्षं गेली. कणगी भरली. यमाक्काचे डोळे अधू झाले, तेव्हा तिने केरोबाला बोलावून घेतलं. आता ती आपल्याला तिची जागा देणार, असं त्याला वाटलं.

यमाक्का म्हणाली, "माझ्या जागी भिवराला बसू दे."

केरोबाला हे टोचलं. "मी का नको, आक्का?"

"तू बाजाराच्या दिवशीचाच चांगला. रोज बसलास की तुझे हात शिवशिवतात. कणगी भरलेली असली तरी शिवशिवतील. तू इथे रोज बसायचास तेव्हा भिवरा तुझा डबा घेऊन यायची, मी पाहिलंय. ती भाव ऐकायची, प्रश्न विचारायची आणि कशाला हात न लावता घरी जायची."

केरोबाने प्रामाणिकपणे स्वतःच्या मनात डोकावून पाहिलं. म्हातारीचं बरोबर होतं. त्याने घरी जाऊन भिवराला विचारलं.

"बसेन," ती म्हणाली. "पण घर तुमच्या रंगावर चालायला हवं. मी रोज काही आणलंच पाहिजे, असं असेल तर माझंही तुमच्यासारखंच होईल."

असं ठरलं. भिवरा रोज ओट्यावर बसू लागली. केरोबा रंगवू लागला आणि बाजाराच्या दिवशी तिच्या शेजारी येऊन नवीन काय दिसतंय ते सांगू लागला. त्यांना कधी तोटा झालाच नाही, असं नाही. झाला. पण तोटा झाला त्या संध्याकाळीही घरात चूल पेटली, आणि दुसऱ्या सकाळी दोघं शांत डोक्याने आपापल्या कामाला लागली. हळूहळू तिन्ही राज्यांतले व्यापारी भिवरालाच शोधत येऊ लागले.

बोध एवढाच: नाण्यांच्या व्यापाराला दिवसाचा किती वेळ द्यावा हे नंतर ठरवावं, त्यातून आजची भाकरी काढण्याची घाई आपल्याला आहे का, हे आधी पाहावं.