ओट्यावर अडवलेलं पिल्लू

ऐका. फार लांब एक गाव होतं आणि तिथं एक राजा होता. त्या गावात काय व्हायचं, सगळ्यांच्या छातीतली धडधड बाहेर ऐकू यायची. तुमची-माझी कान लावल्याशिवाय कळत नाही. तिथं दहा पावलांवरून कळायची. कोण पळत आलं, कोण भ्यालं, कोण लाडू चोरून आलं, सगळं उघड. हसू नकोस शमे, तू पहिल्याच दिवशी सापडली असतीस.

मग तिथं एक रीत पडली. धडधडत्या छातीनं कुणी उंबरा ओलांडायचा नाही. रागानं आलात, घाबरून आलात, तर आधी बाहेर ओट्यावर बसायचं. राजवाड्याच्या दारात एक नगारा संथ वाजत असायचा. धिम्म... धिम्म... छाती त्याच्याबरोबर चालू लागली की मग आत. पाहुणे बसायचे, प्रधानसुद्धा बसायचे. रीत तशी बरी होती. भांडण घरात यायचंच नाही.

राजाचं नाव धीरसेन. त्याची छाती गावात सगळ्यांत संथ, आणि त्याला त्याची फार मिजास. त्याला आठ वर्षांची मुलगी होती, मंजुळा. आणि एक तान्हा मुलगा.

एकदा काय झालं, वाड्यामागच्या गवताच्या गंजीत एक कुत्री व्याली आणि मेली. पिल्लंही गेली. एक तेवढं उरलं, तांबूस रंगाचं. मंजुळेनं ते उचललं आणि दाराशी आणलं. पिल्लाची छाती चालली होती धुडधुडधुडधुड. दारावरच्या धोंडजीनं काठी आडवी धरली.

"ताईसाहेब, हे आत जायचं नाही. छाती पळतेय त्याची."

मंजुळा ओट्यावरच रडू लागली. ते ऐकून राजा बाहेर आला. राजा म्हणाला, "रीत ती रीत. तीन दिवस ओट्यावर ठेव. शांत झालं तर आत घे. नाहीतर तिसऱ्या दिवशी सूर्य बुडताना वेशीबाहेर."

वेशीबाहेर तरस होतं, बरं का. पिल्लाचं काय झालं असतं ते मी सांगत बसत नाही.

मग पहिल्या दिवशी राजवैद्य आले. म्हणाले, "अंगात उष्णता आहे." त्यांनी पिल्लाला विहिरीच्या गार पाण्यात बुडवून काढलं. ते थरथर कापू लागलं, छाती आणखी पळाली. वैद्य हात पुसून जेवायला गेले.

मग दुसऱ्या दिवशी प्रधानजी आले. म्हणाले, "त्याला संथ चाल शिकवायला हवी." त्यांनी नगाराच उचलून पिल्लाच्या कानाशी आणला. धिम्म! पिल्लानं जागच्या जागी मुतून घेतलं आणि ओट्याच्या कोपऱ्यात तोंड खुपसलं. छाती आणखी पळाली.

मग तिसऱ्या दिवशी मंजुळेनंच त्याला घट्ट उराशी धरलं. "शांत हो रे, शांत हो," म्हणून रडायला लागली. ते बघून सगळं गाव गोळा झालं आणि शंभर माणसं एकदम ओरडू लागली, "शांत हो! शांत हो!" आता तुम्हीच सांगा, कोण शांत होईल? पिल्लाची छाती इतकी पळाली की ठोके वेगळे ऐकूच येईनात.

तेवढ्यात तिथून ठकूबाई धनगरीण चालली होती. खांद्यावर घोंगडी, मागं दोन शेळ्या. ती थांबली.

"पोरी, आवळू नगंस. त्याला वाटतंय कुणी धरलंय खायला. ठेव खाली."

मंजुळेनं ठेवलं. ठकूबाईनं आधी माणसं हाकलली. मग घोंगडी अंथरली, शेळीचं कोमट दूध चिंधीनं पिल्लाला चोखवलं. मंजुळेला म्हणाली, "आता शेजारी बस. त्याच्या डोळ्यांत बघू नगंस. मानेपासनं शेपटीकडं हात फिरव, सावकाश. आन् तू लांब श्वास सोड. तुझी छाती पळती तवर त्याची कशी थांबंल?"

मंजुळा बसली. तिची छाती हळू झाली. मग पिल्लाची झाली. मग ते झोपलं.

सूर्य टेकायला आला. राजा बाहेर आला, मागून बाळाला घेऊन राणी आली. धोंडजीनं कान दिला आणि मान हलवली. "महाराज, कमी झाली खरी. पण नगाऱ्याच्या दुप्पट आहे अजून."

मंजुळा पिल्लाच्या आणखी जवळ सरकली.

ठकूबाई म्हणाली, "म्हाराज, ही त्याची निवांतच छाती हाय. बारक्या जिवाची चाल बारीक आसती. दूध पितंय, निजल्यावर हळू व्हतंय, म्हंजी ब्येस हाय. निजूनबी तशीच पळली असती, तर मीच वैद्य बोलवा म्हनले असते."

"रीत ती रीत," राजा म्हणाला.

"बरं. मग राणीसाहेब, बाळ द्या जरा."

राणीनं दिलं. ठकूबाईनं झोपलेलं बाळ घोंगडीवर पिल्लाशेजारी ठेवलं. अंगावरच्या मुलाला आजवर दारात कुणी अडवलं नव्हतं, म्हणून त्याची छाती कुणी नगाऱ्याशी ताडून पाहिलीच नव्हती. आता सगळ्यांनी ऐकली. पिल्लाइतकी नाही, पण नगाऱ्याच्या कितीतरी पुढं.

ठकूबाई म्हणाली, "सूर्य बुडतोय. दोगांनाबी काढायचं का वेशीबाहेर?"

आणि मग गावानं कधी न ऐकलेलं ऐकलं. राजाची छाती. धाड धाड धाड धाड! पार चौकापर्यंत ऐकू गेली. राजानं बाळाला उचलून राणीच्या कुशीत दिलं आणि घाईघाईनं आत निघाला. धोंडजी प्रामाणिक माणूस. त्यानं काठी आडवी धरली.

"महाराज, ओट्यावर बसावं."

राजा बसला. काय करतो? त्या धडधडीनं पिल्लू जागं झालं आणि सरपटत त्याच्या पायाशी आलं. राजानं हात पुढं केला, पण कसा फिरवायचा ते त्याला कुठं ठाऊक!

मंजुळा म्हणाली, "आबासाहेब, हात जड ठेवू नका. मानेपासून शेपटीकडे. आणि श्वास लांब सोडा."

राजानं तसं केलं. बराच वेळ केलं. मग त्याची छाती उतरली.

"धोंडजी," तो म्हणाला, "उद्यापासून नगारा बंद. ज्याची त्याची निवांत छाती आधी ओळखायची, मगच बोलायचं."

धोंडजीनं काठी बाजूला घेतली. आतून जेवायला बोलावणं आलं. पण पिल्लू राजाच्या पायावर गाढ झोपलं होतं. राजा उठला नाही. ताट तिथंच आणवलं आणि डाव्या पायाला मुंग्या आल्या तरी ओट्यावर बसून जेवला.

झालं. पिल्लू घरात आलं, मोठं झालं, सगळी सुखात राहिली. ठकूबाई शेळ्या घेऊन आपल्या वाटेनं गेली. नंदू, पाय आत घे. शमे, आता एक शब्द नको. मिटा डोळे.