भित्र्या गजराची वावडी

फार वर्षांपूर्वी, सोनकी नदीवर पूल व्हायच्या कितीतरी पिढ्या आधी, आवळदऱ्यात गजरा नावाची एक बाई राहत होती. रंगाऱ्याची सून ती. तिच्या अंगणात नीळ, हळद आणि मंजिष्ठ यांचे हंडे सदा उकळत असायचे, आणि तिचे हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी तांबडे असायचे. आमच्या गावात लहान मुलंसुद्धा तिचं नाव घेतात. पण ती धीट होती का भित्री, हे कुणाला विचारा, दोन माणसं एक उत्तर देणार नाहीत.

आमच्याकडे धीट हा शब्द हव्या त्या ठिकाणी वापरतात. ताटात तोंड घालणारं मांजर धीट. पाहुण्यांपुढे गाणं म्हणणारं पोर धीट. लांबून डोळ्यांत भरणारा तांबडा रंग, तोही धीटच. गजराला मात्र हा शब्द कुणी कधी लावला नव्हता. ती बोलायची तर पदराआडून, आणि तेही इतकं हळू की दुसऱ्यांदा विचारावं लागे. चार माणसं समोरून आली की वाट सोडून बांधावर उभी राही. पाण्याला तर इतकी भ्यायची की सोनकीच्या नावेत तिनं कधी पाय ठेवला नाही. लोक तिला भित्री गजराच म्हणत.

पण हातात कुंचला आला की ही बाई वेगळी व्हायची, असं म्हणतात. गावात लग्न निघालं की भिंतीवर चित्रं काढायला तिलाच बोलावत. दुसऱ्या बायका आधी कोळशानं पुसट खुणा करून मग रंग भरायच्या. गजरा खुणा करत नसे. काव, म्हणजे तांबडी माती, कालवायची, भिंतीकडे थोडा वेळ बघायची, आणि एका दमात रेघ ओढायची. बोटाएवढी जाड, सरळ, न थांबता. आणि तिच्या चित्रांतल्या बायका खाली मान घालून बसलेल्या नसायच्या. मोठ्ठाले डोळे उघडून त्या थेट बघणाऱ्याकडे बघायच्या.

"अगं, बाईमाणसाची नजर अशी असते का?" तिची सासू ठकूबाई एकदा म्हणाली.

"मग कुठं बघू द्यावं तिला?" गजरानं हळूच विचारलं.

ठकूबाई तोंडाची फार फटकळ, पण सुनेवर जीव असलेली म्हातारी होती. तरी जनांचं बोलणं तिलाच ऐकावं लागे ना!

आता वावडीचं सांगतो. वावडी म्हणजे मोठा पतंग, माणसाच्या उंचीचा. बांबूच्या कामट्या, त्यावर खळ लावून ताणलेलं विरलं धोतर, आणि माथ्यावर ताडाच्या पानाची पट्टी. वावडी वर गेली की ही पट्टी वाऱ्यात अशी घुमते, की दुसऱ्या शिवारातला माणूस मान वर करतो. श्रावणात आमच्याकडे वावड्या उडवायची रीत आहे. एका वर्षी गजराच्या मनात आलं आणि तिनं एक वावडी केली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला द्यायची नव्हती. कामाच्या मधल्या वेळात, आपल्याच आनंदासाठी. तिच्यावर तिनं एक चेहरा रंगवला. तांबडं तोंड, पिवळं कपाळ, आणि परातीएवढे दोन काळेभोर डोळे.

वावडी अंगणात वाळत ठेवली तर शेजारच्या गाईनं दावं तोडलं, असं म्हणतात. दोन पाहुण्या बायका दारातूनच परत फिरल्या. संध्याकाळी ठकूबाईनं वावडी उचलली आणि माळ्यावर, तुराट्यांच्या मागं टाकली.

"तू चित्र काढ, माझी ना नाही," ती म्हणाली. "पण एवढं धीट नको. गाव झोपेल कसं?"

वावडी माळ्यावर राहिली.

मग नागपंचमी आली. सोनकीच्या मधोमध एक खडकाचं बेट आहे. त्यावर एक वारूळ आणि एक जुनं उंबराचं झाड. पंचमीला गावातल्या बायका आणि माहेरी आलेल्या लेकी नावेतून तिथं जायच्या, वारुळाला दूध-लाह्या वाहायच्या, फेर धरायच्या आणि उन्हं कलायच्या आत परत यायच्या. भागोजी नावाडी त्यांना न्यायचा-आणायचा. त्या वर्षीही सगळ्या गेल्या. ठकूबाई गेली. गजरा तेवढी मागं राहिली, कारण नावेत बसायचं होतं.

गावावर पाऊस नव्हता. पण वर डोंगरात कुठं तरी ढग फुटला असावा. बायकांचा फेर रंगात आला होता, आणि सोनकी गढूळ झाली. बघता बघता तिनं अंग फुगवलं. भागोजी नावेकडे धावला, तर वाहत आलेल्या एका झाडाचा बुंधा नावेवर आदळला आणि नाव काडीसारखी मोडून गेली. बायका वारुळाच्या उंचवट्यावर जमल्या. पाणी चढतच होतं.

काठावर सारा गाव लोटला. रायाजी नावाचा गडी होता, पंचक्रोशीत त्याच्याएवढा पोहणारा नव्हता. त्यानं तरंगायला वाळल्या भोपळ्यांची सांगड बांधली, पोटाशी धरली आणि कुणी नको म्हणायच्या आत उडी घेतली. बेटावर त्याची नवी नवरी होती. सोनकीनं त्याला पालापाचोळ्यासारखं फिरवलं आणि खाली घाटापाशी एका बाभळीवर नेऊन टाकलं. लोकांनी त्याला ओढून काढलं, तर त्याचं सारं अंग काट्यांनी फाटलं होतं. तरी तो पुन्हा पाण्याकडे निघाला. चौघांनी त्याला धरून ठेवलं.

"दोर पाहिजे," म्हातारे म्हणाले. "दोर पलीकडे पोचला तर सांगड ओढून घेता येईल." पण दोर पोचवायचा कसा? कुणी गोफणीनं दगड फेकून पाहिले. निम्म्या पाण्यातसुद्धा गेले नाहीत.

गजरा गर्दीच्या मागं उभी होती. तिनं आधी पाण्याकडे बघितलं, मग झाडांच्या शेंड्यांकडे. वारा गावाकडून बेटाकडे वाहत होता. ती घरी पळाली.

परत आली ती डोक्यावर वावडी आणि हातात दोऱ्याचा गुंडा घेऊन. लोक बाजूला झाले. कुणी तरी ओरडलं, "अगं, इथं जीव चाललेत आणि हिला खेळ सुचतोय!" गजरानं वावडी वाऱ्यावर सोडली.

वावडी वर गेली आणि गिरक्या घ्यायला लागली. वारा दांडगा होता, आणि तिला शेपूट नव्हतं. एकदा ती जमिनीवर आपटली. दुसऱ्यांदा आपटली तेव्हा एक कामटी मोडली. लोक तोंडं फिरवायला लागले. गजरानं कामटी सुतळीनं बांधली. मग इकडंतिकडं बघितलं, जवळ कापड नव्हतं. आणि आवळदऱ्यात ज्या बाईच्या डोक्यावरचा पदर कुणी ढळलेला पाहिला नव्हता, त्या बाईनं भर गावापुढे डोक्यावरचा पदर काढला, दातानं त्याला चीर पाडली आणि टर्रकन फाडला. मंजिष्ठेत रंगवलेलं लालभडक लुगडं होतं ते. त्या पदराचं तिनं शेपूट केलं.

आता वावडी सरळ चढली. ताडाची पट्टी घुमायला लागली. बेटावरच्या बायका डोळे मिटून नागोबाचा धावा करत होत्या, त्यांनी माना वर केल्या. ढगांत त्यांना एक तांबडं तोंड दिसलं, आणि परातीएवढे दोन डोळे थेट त्यांच्याकडे बघत होते. लेकुरवाळ्या बायका रडायच्या थांबल्या, असं म्हणतात.

वावडी बेटावरून पुढं गेली तशी गजरानं ढील दिली. वावडी खाली आली, दोरा उंबराच्या फांद्यांवर पडला. भागोजीनं झेप घालून तो पकडला आणि पुढचा, वावडीकडचा तुकडा दातानं तोडला. आता बघा, दोरा तुटलेला पतंग खाली यायचा. ही वर गेली. शेपटासकट वर वर गेली, आणि बेटावरच्या बायकांनी शपथेवर सांगितलं की शेवटपर्यंत तिचं तोंड त्यांच्याकडेच होतं.

दोऱ्याच्या काठावरच्या टोकाला सुतळी बांधली. सुतळीला मोटेचा नाडा बांधायचा, तो बैल ओढतात तसला जाड दोर. गावातल्या सगळ्या विहिरींवरचे नाडे आणून एकमेकांना गाठी मारल्या. रायाजीला धीर धरवेना. तो दोऱ्याला झटके द्यायला लागला.

"सोड!" गजरा ओरडली. "तुटेल तो! हात काढ!"

गावानं तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. असा खणखणीत होता, की रायाजीनं पोरासारखे हात मागं घेतले. मग तिनं आपल्या हातानं दोरा सोडला, सोडला, भागोजीनं हळूहळू ओढला. दोऱ्यामागून सुतळी गेली, सुतळीमागून नाडा गेला, आणि मधोमध बांधलेली भोपळ्यांची सांगड गेली. एक टोक बेटावर, एक काठावर. बेटावरच्यांनी ढील द्यायची, काठावरच्यांनी ओढायचं, आणि रिकामी सांगड बेटावरच्यांनी परत ओढून घ्यायची.

पण सांगडीवर पहिली बसणार कोण? खाली पाणी गर्जत होतं. रायाजीची नवरी पुढं झाली आणि मागं सरली. दुसऱ्या एकीनं पाय ठेवला आणि काढून घेतला.

तेव्हा ठकूबाई म्हणाली, "सरा बाजूला. मी वाहून गेले तर पिकलं पान गेलं. दोर तुटतो का नाही, एवढं तरी कळेल तुम्हाला."

म्हातारी सांगडीवर पोटावर पडली, नाड्याला मिठी मारली आणि पाण्यातून आली. लाटांत दिसेनाशी व्हायची, पुन्हा दिसायची. काठाला लागली तेव्हा तिच्या तोंडातून पाणी येत होतं. लोकांनी तिला उचललं. तिची नजर सुनेकडे गेली. गजरा उघड्या डोक्यानं, केस सुटलेले, दोन्ही तळहात दोऱ्यानं कापून रक्ताळलेले, अशी उभी होती. साऱ्यांना वाटलं, आता म्हातारी कडाडणार.

ठकूबाईनं डोक्यावरचा ओला पदर ओढून काढला आणि सुनेपुढं धरला.

"हाताला बांध," ती म्हणाली. "आणि अजून कापड लागलं तर सगळं लुगडं फाड. मी बसते घोंगडी पांघरून."

मग एकेक करून सगळ्या आल्या. पोरं आयांच्या पाठीला बांधलेली आली. भागोजी शेवटपर्यंत खडकावर उभा राहून दोर सोडत होता. पाणी त्याच्या छातीला लागलं, तरी तो हलला नाही. शेवटी त्यानं नाडा कमरेला बांधला, आणि गावानं त्याला ओढून घेतलं. त्यानंतर वारूळ पाण्याखाली गेलं.

यात एक गोष्ट अशी आहे की ती कशी मानावी, मला अजून कळत नाही. ज्या ज्या बाया त्या दोराला धरून आल्या, त्या सगळ्या पुढे सांगायच्या, की दोर काथ्याचा लागत नव्हता. गार होता. गुळगुळीत होता. आणि हाताखाली कुणी श्वास घ्यावा तसा हलत होता. ठकूबाई तर म्हणायची, "मोटेचे नाडे एवढे लांब भरतात का कधी? मधला तुकडा नागोबाचा होता." दुसऱ्या दिवशी गाठी सोडताना माणसांना दोन नाड्यांच्या मधोमध खवल्यांसारखी चमक दिसली, असंही म्हणतात. मी माझ्या आजोबांना विचारलं होतं, खरं काय? ते म्हणाले, "तू तेव्हा दोर धरायला होतास का? नव्हतास ना? मग धरणाऱ्याचं ऐक."

पाटलानं गजराला चावडीवर बोलावलं आणि हवं ते माग म्हणाला. गजरा पुन्हा पहिल्यासारखीच पदराआड. तिनं काय मागितलं ते दोनदा विचारावं लागलं.

"चावडीची भिंत द्या. चित्र काढायला."

तिनं तिथं काय काढलं, यावर एकमत नाही. चावडी केव्हाच पडली. कुणी म्हणतं, बेटावरच्या सगळ्या बायका ओळीनं काढल्या, समोर बघणाऱ्या. कुणी म्हणतं, नुसते डोळे. आणि एवढं झाल्यावर बायकांनी तिला विचारलं, "गजरे, त्या दिवशी तुला भीती नाही वाटली?" तर ती म्हणाली, "अजून वाटतेय की." ती म्हातारी होऊन गेली, पण नावेत कधी बसली नाही.

आता सांगा, धीट कोण? उडी घेणारा रायाजी? खडकावर उभा राहिलेला भागोजी? सांगडीवर पहिली पडलेली म्हातारी? आमच्या पारावर यावर अजून वाद होतो आणि चहा गार होतो.

पंचमीला आवळदऱ्यात आजही एक मोठी वावडी करतात. लाल लुगड्याचं शेपूट लावतात. ती हवेत असेपर्यंत घाटावरची कुठलीच बाई डोक्यावर पदर घेत नाही, आलेली पाहुणीसुद्धा नाही. पण त्याआधी वावडीवर डोळे काढायचे असतात. त्यासाठी गावातली सगळ्यांत वयस्कर बाई कुंचला हातात धरून मधे उभी राहते आणि मोठ्यानं विचारते, "यंदा गावात सगळ्यांत भित्रं कोण?"

डोळे काढायचा मान त्याचा. पण त्यासाठी साऱ्या गावादेखत पुढं यावं लागतं. कधी कधी बराच वेळ कुणी हलत नाही.

मागल्या वर्षी पलटणीतून सुट्टीवर आलेला एक उंचापुरा गडी गर्दीतून पुढं झाला. लोक हसतील असं मला वाटलं होतं. कुणी हसलं नाही.

म्हातारीनं त्याला कुंचला दिला. तो हलक्या आवाजात म्हणाला, "आजी, कशाला भितो ते सांगावं लागतं का?"

"नाही रे बाबा," म्हातारी म्हणाली. "डोळे तेवढे मोठे काढ."