सगुणाच्या गाण्यांची दुसरी सीडी

खूप खूप वर्षं झाली. नदीच्या वळणावर एक गाव होतं. गावच्या वाचनालयात एक संगणक होता आणि तो सांभाळायला हैबती नावाचे गृहस्थ होते.

त्या गावात सगुणा नावाची गोड गळ्याची बाई होऊन गेली. ती गेली, पण तिची गाणी एका सीडीवर राहिली. साऱ्या जगात तेवढी एकच सीडी. हैबती ती कुलपात ठेवत आणि सणावाराला संगणकावर लावत. त्या दिवशी वाचनालय माणसांनी भरून जाई. लोक हैबतींना मान देत, आणि तो मान त्यांना फार आवडे.

एकदा सगुणाची लेक तुळसा माहेरी आली.

"काका, आईचा आवाज घरी न्यायचाय. माझ्या मुलांनी आजी ऐकलीच नाही."

"एकच सीडी आहे गं. कशी देऊ?"

"ही नका देऊ. हिच्यावरून दुसरी करून द्या."

"आपल्या संगणकाचा ड्राइव्ह नुसता वाचतो. त्याला सीडीवर लिहिता येत नाही."

"मग लिहिणारा ड्राइव्ह जोडीला बसवू," तुळसा म्हणाली आणि तिनं पिशवीतून नवा ड्राइव्ह काढला.

हैबतींनी ड्राइव्ह हातात घेऊन उलटसुलट पाहिला. घरोघरी सीडी गेली, तर आपल्याकडे कोण येणार? वेळ काढायला त्यांनी सीडी लावली. सगुणाचा आवाज एका ओळीवर अडखळला आणि मग कसाबसा पुढे सरकला. सीडीवर बारीक चरा पडला होता. ही गेली, तर सगुणा दुसऱ्यांदा जाणार होती.

त्यांनी संगणक बंद करून पेटी उघडली. जुन्या ड्राइव्हखालच्या रिकाम्या खणात नवा सरकवला, स्क्रू आवळले, वायरी जोडल्या. संगणक सुरू केला, तर दोन्ही ड्राइव्ह दिसेनात.

तुळसानं ड्राइव्हच्या पाठीमागे वाकून पाहिलं. "काका, दोघांच्याही नंबर ठरवणाऱ्या पिना पहिल्या नंबरावर आहेत. एकाच वायरीवर दोन पहिले कसे चालतील?"

हैबतींना हसू आलं. त्यांनी नव्याची पिन दुसऱ्या नंबरावर केली. आता दोन्ही दिसले. वरचा वाचू लागला, खालचा लिहू लागला. हैबतींनी एक तुळसाला दिली आणि मागेल त्या घरालाही सीडी करून दिली.

त्या संध्याकाळी घराघरातून सगुणा गात होती. दुसऱ्या दिवसापासून लोक आपापल्या माणसांच्या आवाजाच्या सीड्या घेऊन, त्यांच्या दुसऱ्या करून घ्यायला वाचनालयात येऊ लागले, आणि हैबतींना जेवायलाही उसंत मिळेना. पुढे मूळ सीडी तडकली, तेव्हा गावात कुणाच्याच डोळ्यांत पाणी आलं नाही.

म्हणून मुलांनो, जे जिवापाड जपायचं आहे, ते आधी वाटून टाकावं.